अकोटच्या गाद्या आणि पुण्याची सही

एप्रिलमध्ये वऱ्हाडात निघाले म्हटल्यावर आमच्या सोसायटीने मला वेड्यात काढलं. "डिसेंबरात जा, संत्री तरी मिळतील," असं खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी सुचवलं. माझा मुलगा म्हणाला, "आई, सही करून स्कॅन पाठव आणि विषय संपव." पण पंकज ऐकेना. पंकज माझा जुना विद्यार्थी. आता अमरावतीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. फोनवर त्याने एकच वाक्य लावून धरलं होतं, "मॅडम, सही करायच्या आधी एकदा गादी बघा."

तीस वर्षं मी रसायनांच्या विषारीपणाची पारख करते आहे आणि इतक्या वर्षांत एकही गादी पाहायला गेलेली नाही. माझं काम खुर्चीतलं. तरीही बॅग भरली. त्यात सुती कपडे, मीठ-साखरेची पाकिटं, छत्री आणि एक टाइप केलेलं पत्र घातलं. पत्र पूर्ण तयार होतं, खाली सहीची जागा तेवढी रिकामी होती.

राजापेठ, अमरावती

सकाळी सात वाजता पंकज स्कूटर घेऊन स्टेशनवर हजर. राजापेठेतून जाताना क्लासला निघालेल्या मुलामुलींच्या दुचाक्यांनी आम्हाला डावीकडून, उजवीकडून आणि एकदा तर समोरून ओलांडलं. पुण्याच्या रस्त्यांवर घडलेली मी, तरी डोळे मिटून घेतले. पंकज मात्र आरामात मला गल्ल्यांमधल्या क्लासेसची नावं आणि त्यांचे निकाल सांगत होता.

घरी त्याच्या आईने न्याहारीला गिला वडा ठेवला होता. मऊ, ओलसर, वर दही आणि लाल चटणी. मी जेवढ्यास तेवढं खाणारी बाई. पहिला वडा संपतो न संपतो तोच ताटात दुसरा पडला. नको म्हटलं.

"काहून नको? पुन्याहून इथवर काय एक वडा खाले आल्या?" त्या म्हणाल्या. आमच्याकडे या सुरात कोणी बोललं तर दोन दिवस बोलणं बंद होतं. इथे त्या सुरात प्रेम वाढलं जात होतं. हे कळेपर्यंत तिसराही खाऊन झाला होता.

खाता खाता त्यांनी विचारलं, "पंकज म्हन्ते तुमी जहर तपासता. म्हंजे उंदराइले पाजून पाह्यता का?"

हा प्रश्न मला नेहमी विचारतात आणि मी नेहमी कंटाळून उत्तर देते. त्या दिवशी का कोण जाणे, नीट समजावून सांगितलं. कापड, फोम, टीव्हीचं प्लास्टिक पटकन पेटू नये म्हणून त्यात काही रसायनं घालतात. त्यांतली बरीचशी ब्रोमीनची. त्यांतल्या काहींनी थायरॉईड बिघडतो, लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला धोका पोचतो, म्हणून ती बंद झाली. एक बंद झालं की बाजारात दुसरं नवीन येतं. नव्याची तपासणी झालेलीच नसते, आणि प्रत्येकाची वेगळी करायची तर वर्षं जातात. मग आम्ही त्याची तपासलेली भावंडं शोधतो. घडण कोणाशी जुळते, शरीरात किती शिरतं, आत गेल्यावर त्याचं काय होतं, हे ताडून भावंडांवरून नव्याचा अंदाज बांधतो.

त्यांनी चटणीची वाटी पुढे सरकवली. "मंग आमी सोयरीक पाह्यतो तसंच झालं की. पोरगा काही सांगत नाई, म्हून भावाची चौकशी."

"अगदी तसंच," मी म्हटलं. तीस वर्षांत माझं काम इतक्या कमी शब्दांत कोणी सांगितलं नव्हतं.

"पन भाऊ घरी कसा हाय हे पाहून भागत नाई बरं," त्या ताट उचलता उचलता म्हणाल्या. "पोरीले जिथं नांदाचं, तिथं हा कसा वागन, थे पाहा लागते." मी हसून मान डोलावली आणि हात धुतले. तेव्हाच कान टोचून घ्यायला हवे होते.

जठारपेठ, अकोला

पुढचा टप्पा अकोला, पंकजही सोबत निघाला. जिच्यासाठी मी आले होते ती पंकजची सख्खी मावशी, शोभाताई. अकोटला सात बायकांना घेऊन त्या कापसाच्या गाद्या भरतात. पाळणाघरं चालवणाऱ्या एका संस्थेने त्यांना लहान मुलांच्या गाद्यांचं मोठं काम देऊ केलं होतं. अट अशी की गादी पटकन पेटणारी नसावी. तसं खोळीचं कापड जठारपेठेतल्या एका दुकानदाराकडे मिळत होतं. त्याच्या आतल्या बाजूला एका नव्या ब्रोमीन रसायनाचा पांढरा लेप होता. हे कापड मुलांना चालेल, असं जाणकाराचं पत्र संस्थेला शनिवारपर्यंत हवं होतं, नाहीतर काम फोमच्या कारखान्याला जाणार होतं. जाणकार म्हणजे मी. आणि तो दिवस गुरुवार.

दुकानदार मनाने मोकळा माणूस. आधी ताक पाजलं, मग कागद दाखवले. "मॅडम, बंद झाला तो माल आपन ठेवतच नाई. हे नवीन होय." मग त्याने कापडाचा तुकडा चिमट्यात धरून काडी लावली. ज्योत आली, चाचरली आणि विझली. त्याने पुन्हा लावली, पुन्हा विझली. आयुष्यभर या रसायनांचे दोष मोजणाऱ्या मला ती विझणारी ज्योत पाहून टाळी वाजवावीशी वाटली. काम मात्र चोख करत होतं ते.

कागदांवरची माहिती माझ्या नोंदींशी जुळत होती. हा रेणू दांडगा, ब्रोमीनने लगडलेला. एवढं मोठं धूड आतड्यातून किंवा कातडीतून सहजी आत शिरत नाही. त्याच्या एका तितक्याच जड भावंडाचा इतिहास वाईट होता. तेही आधी निरुपद्रवी वाटलं, पण उन्हात त्यातला ब्रोमीन एकेक करून गळतो आणि उरतात ते छोटे, जास्त उपद्रवी नातलग. हे मी विसरले नव्हते. माझ्या तपासणीच्या तक्त्यात त्यासाठी खास रकाना होता, "उन्हाशी संबंध". त्यात मी लिहिलं होतं, "नाही. वापर घरातला." गादी घरातच असते. त्यात विचार करण्यासारखं काय आहे?

अकोट

अकोल्याहून अकोटची एसटी मिळाली. खिडकीचा गज हात लावता येणार नाही इतका तापलेला. मध्ये पूर्णा नदी लागली, आणि तिच्या अलीकडे-पलीकडे तो खाऱ्या पाण्याचा पट्टा, जिथे विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. शेजारी बसलेल्या आजोबांनी मला न विचारता त्यांच्या उपरण्याचं एक टोक खिडकीला बांधलं, दुसरं माझ्या डोक्यावरून घेतलं. "पुन्याच्या दिसता," म्हणाले. कशावरून, ते विचारायचं धाडस झालं नाही. उन्हाळ्यातली ती काळी, भेगाळलेली जमीन मला उदास वाटेल असं धरून मी चालले होते. तसं झालं नाही. नजर पोचेल तिथवर नुसती काळी माती, मोकळं आभाळ आणि मध्येच एखादं कडुनिंबाचं हिरवंगार झाड. डोळे निवले.

अकोटला उतरल्यावर जिनिंगच्या गोदामांवरून पुढे गेलो. रस्त्याच्या कडेला, झुडपांना, विजेच्या तारांना कापसाचे पुंजके लटकलेले. शोभाताईंचं घर गावाच्या कडेला, पुढे मोठं अंगण. दारात चपला काढल्या आणि अंगणाकडे पाहिलं.

अंगणभर गाद्या होत्या. बाजांवर, पत्र्यावर, भिंतीच्या कठड्यावर. लहान, मोठ्या, रेघांच्या, फुलांच्या. दुपारच्या उन्हात आडव्या पडलेल्या.

"विकायला मांडल्यात का?" मी विचारलं.

शोभाताई पन्नाशीच्या, काटक, उजव्या हाताला कोपरापर्यंत भाजल्याचा जुना व्रण. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "विकाले कोन उन्हात ठेवते? ऊन देऊन राहिलो गाद्याइले."

"रोज?"

"मोठ्याइच्या आठ दिसाले. लेकराइच्या रोज. लेकरू मुतते ना जी. मुतली का खोळ काढाची, उलटी कराची, धुवाची अन् उन्हात टाकाची. त्याबिगर वास जात नाई, अन् कापूसही फुलत नाई."

खोळ उलटी करायची. म्हणजे लेप वर. रोज. वऱ्हाडातल्या उन्हात.

बॅग अजून माझ्या खांद्यावर होती. तिच्यातलं पत्र मला जाणवायला लागलं. पुण्यात आमच्या फ्लॅटमधली गादी दहा वर्षांत पलंगावरून हललेली नाही. त्या एका गादीवरून मी साऱ्या महाराष्ट्राच्या गाद्या ठरवल्या होत्या. मी लहान असताना माझी आई गाद्या गच्चीवर टाकायची, हेसुद्धा मला त्या अंगणात उभं राहिल्यावर आठवलं. शरम वाटली, अगदी कान गरम होईपर्यंत.

"ते नवं कापड तुम्ही वापरून पाहिलंत का?" मी विचारलं.

"हाव ना. होळीच्या टायमाले एक गादी भरली. तवापासून पत्र्यावरच हाय. पाह्यते मी, कशी टिकते थे."

त्या शिडी चढून ती गादी घेऊन आल्या. खोळ उलटी होती. मी लेपावरून बोट फिरवलं. बोटाला पांढरी भुकटी लागली. अकोल्याच्या दुकानात घट्ट चिकटलेला तो लेप इथे खडूसारखा सुटत होता. बाळ जे हाताला लागेल ते तोंडात घालतं. आणि त्या भुकटीत आता मूळ रेणू किती आणि उन्हाने तोडलेले छोटे किती, हे सांगणारा एकही कागद या जगात नव्हता. होती ती फक्त त्या भावंडाची साक्ष, आणि ती साक्ष मी एका शब्दात बाजूला सारली होती.

पंकज माझ्याकडे पाहत होता. "तुला माहीत होतं?" मी जरा तिखटच विचारलं.

"भुकटीचं माहीत नव्हतं मॅडम. ऊन देतात हे माहीत होतं. पण तुमच्या तक्त्यावर शंका कशी घेणार? म्हणून म्हटलं, गादी बघा."

जेवायला बसलो. भाकरी, बेसनाच्या पातोड्यांचा झणझणीत रस्सा, कांदा, आणि पाहुणी म्हणून खास केलेले सरगुंडे, कणकेचे, हाताने वळून उन्हात वाळवलेले, आंब्याच्या रसात. पहिल्या घासाला नाकातोंडातून पाणी आलं. मी दोनदा वाढून घेतलं, तोंड पोळत असतानाही. सातही बायका जेवायला बसल्या होत्या. काम येणार की नाही, हे कोणी विचारत नव्हतं.  शेवटी मीच सांगितलं. हे कापड मुलांच्या गादीला चालेल, असं मी लिहू शकत नाही. का, तेही सांगितलं. आणि हेही सांगितलं की पत्र मी लिहून आणलं होतं, चालेल म्हणून. चूक माझी.

 मग शोभाताई म्हणाल्या, "तुमी आता सही केली असती त कोनाले समजलं असतं?"

"कोणालाच नाही."

"मंग बरं झालं आल्या," त्या म्हणाल्या आणि माझ्या ताटात आणखी रस वाढला.

पण त्यांचा चेहरा उतरला होता. काम गेल्याचं दुःख होतंच, त्याखाली आणखी काही होतं. जेवण झाल्यावर त्यांनी तो भाजलेला हात पुढे केला. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी अंगणातल्या कापसाच्या ढिगाला ठिणगी लागली होती. त्या ढीग वाचवायला धावल्या. "म्हून मले थे कापड पाह्यजे होतं. कापूस कसा पेटते, तुमाले नाई माहीत. वरून काही दिसत नाई, अंदर चालूच राह्यते. त्याच्यावर लेकरू झोपवाचं म्हंजे..."

आग खरी होती आणि विषही खरं होतं. माझ्या तक्त्यात आगीसाठी रकाना नव्हता. आम्ही विषवाले आगीचं दुसऱ्या खात्यावर ढकलतो.

"मग तुम्ही वाचलात कशा?" मी विचारलं.

"बुढ्यानं घोंगडं टाकलं ना अंगावर." बुढा म्हणजे त्यांचे सासरे. ओसरीवर बसलेले, नव्वदीकडे झुकलेले. त्यांनी हे ऐकलं आणि तिथूनच म्हणाले, "घोंगडं पेटत नाई बाप्पा. लोकर होय थे. धुपते, जळते, पन जाळ धरत नाई."

सगळ्या बायकांनी एकदम त्यांच्याकडे पाहिलं, मग एकमेकींकडे. हे त्या घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. वीस-पंचवीस वर्षं रोज डोळ्यांसमोर असलेला तो व्रण आणि कोनाड्यातलं ते घोंगडं यांची गाठ कोणी घातली नव्हती. आणि मला तर लोकरीचा हा गुण पुस्तकातून पाठ होता! परीक्षेत मी तो प्रश्न घालते.

पुढच्या दोन तासांत मी जे पाहिलं त्याला माझ्या प्रयोगशाळेत मोठं नाव दिलं असतं. शोभाताईंनी जुन्या घोंगडीचे तुकडे कापले. दोन छोट्या उशांएवढ्या गाद्या भरल्या, एक नुसत्या कापसाची, दुसरीत कापसाभोवती घोंगडीचा थर आणि वर साधी सुती खोळ, म्हणजे बाळाला टोचायला नको. चुलीतले दोन निखारे चिमट्याने उचलून दोन्हींवर ठेवले. पाण्याची बादली शेजारी. मी घड्याळ लावलं. नुसत्या कापसाच्या गादीतून थोड्याच वेळात धूर निघायला लागला आणि वरून निखारा उचलल्यावरही आत धुमसत राहिलं, अगदी शोभाताई म्हणाल्या तसं. दुसरीची खोळ जळली, लोकर काळी पडली, केस जळल्याचा वास सुटला आणि निखारा तिथेच राख झाला. शोभाताईंनी थर बाजूला केला. खालचा कापूस पांढरा होता.

त्यांनी दहा वेळा केलं. हो, दहा. मी सांगितलं नव्हतं. "एकडाव झालं म्हून भरोसा ठेवाचा का?" असं उलट मलाच विचारलं. माझे पीएचडीचे विद्यार्थी तीन वेळांवर थांबतात.

निघताना दारात आले तर माझ्या पुण्याहून आणलेल्या महागड्या चपलांचे तळ सुटलेले. तीन तासांच्या उन्हात डिंक वितळून वरचा भाग एकीकडे, तळ एकीकडे. सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले. चपला काढतानाच सावली शोधायची असते, हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही कळतं. शोभाताईंनी त्यांच्या चपला माझ्यासमोर ठेवल्या. नको म्हणायची माझी हिंमत नव्हती, गिल्या वड्यानंतर तर नाहीच.

परत

जुनं पत्र मी अकोट स्टँडवर फाडलं. नवं पत्र शुक्रवारी पंकजच्या घरी बसून लिहिलं. त्यात दोन गोष्टी होत्या. लेपाचं कापड मुलांसाठी नको, कारण या गाद्या रोज उन्हात पडतात आणि उन्हात या कुळातली रसायनं तुटतात. आणि घोंगडीच्या थराची गादी अकोटला निखाऱ्यावर दहा वेळा तपासली आहे, तुम्हीही येऊन तपासा. पंकजच्या आईने वाचायला मागितलं. वाचून म्हणाल्या, "मी तुमाले गुरुवारीच सांगतलं होतं. नांदाचं कुठं, थे पाहा." मी त्यांना वाकून नमस्कार केला. थट्टेने नव्हे, मनापासून.

संस्थेचा माणूस आला. त्याने स्वतःच्या हाताने निखारा ठेवून पाहिला, पण सगळं काम काही दिलं नाही. निम्म्या गाद्या अकोटला आणि निम्मं काम फोमवाल्याला. पंकजने फोनवर सांगितलं तेव्हा मी चिडले. शोभाताई नव्हत्या चिडल्या. "निम्म्या लेकराइचं त झालं," म्हणाल्या.

माझ्या तक्त्यात आता "उन्हाशी संबंध" हा रकाना सर्वांत वर आहे. त्यात "नाही" लिहायचं असेल तर ज्याने लिहिलं त्याने ती वस्तू जिथे वापरतात तिथे जाऊन यावं, असा नियम केला आहे. माझे सहकारी कुरकुरतात. कुरकुरू देत.

जूनच्या सुरुवातीला एसटीच्या पार्सलने माझ्या नावावर एक गठ्ठा आला. मी शोभाताईंच्या चपला धुऊन, सोबत लिमलेटच्या गोळ्या आणि नातीचा फोटो घालून परत पाठवल्या होत्या. त्याचं हे उत्तर. आत एक छोटी गादी होती, माझ्या पाच महिन्यांच्या नातीसाठी, निळ्या रेघांची. दाबून पाहिली तर मधला लोकरीचा थर हाताला लागला. कोपऱ्यात कापडाची पट्टी शिवलेली, आणि तिच्यावर लाल दोऱ्याने, थोडं वाकडं, टाके घालून लिहिलं होतं, "रोज उन्हात टाका. काई होत नाई."

नातीला कडेवर घेतलं, गादी काखेत मारली आणि गच्चीवर गेले. पावसाळी ढगांत तासाभराचं ऊन उघडलं होतं. गादी कठड्यावर पसरली. नात कडेवरूनच तिच्यावर तळवे आपटत राहिली, मग वाकून खोळ तोंडात घेतली आणि चोखायला लागली.

मी तिला चोखू दिलं.